रक्तातलं धान

माझ्या नोकरीत लोकांनी मला पुष्कळ नावं दिली. सुईवाली बाई, रगतवाली मॅडम. मोहाडीच्या एका आजीने तर तोंडावर सांगितलं, "तुयापेक्षा मच्छर बरा व. थो एवढा पेत नाई." मी सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. डॉक्टर लोकांच्या लक्षात राहतो, सिस्टर लक्षात राहते. आमची आठवण टोचण्यापुरती. त्यानंतर आम्ही दाराआड जातो आणि लोकांच्या रक्ताशी बोलत बसतो, हे कोणाला दिसत नाही.

या धंद्यातली पहिली गोष्ट म्हणजे शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाने शोधायची असते. दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळायला सांगायची आणि कोपराच्या खोबणीत बोट फिरवायचं. आत दबून परत उसळते ती शीर. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बायांचे हात चिखलपाण्याने गार पडलेले असतात, तेव्हा आधी ते आपल्या हातात धरून ऊब द्यावी लागते. दुसरी गोष्ट, जितका गडी आडदांड तितका सुईचा धसका मोठा. नाकाडोंगरीला खाणीवर काम करणारा एक धिप्पाड माणूस मी सुईचं टोपण काढताच आडवा झाला. तोंडावर पाणी मारून उठवला, तर म्हणतो, "झालं का बाई?" मी म्हटलं, "अजून सुरूच नाही केलं." त्याने डोळे घट्ट मिटले. "मंग मले अजून एकदा पडू द्या, तवा घेऊन घ्या."

मलेरिया, हिमोग्लोबिन, सिकलसेल, साखर. सारी नोकरी यातच गेली. माणसाच्या रक्तात काय असतं ते आपल्याला पाठ आहे, अशी माझी समजूत होती. निवृत्ती जवळ आलेली असताना नागपूरच्या एका संशोधन संस्थेतून अनघा मॅडम आल्या आणि ती समजूत गेली.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. जिल्ह्यातल्या काही गावांतल्या निरोगी माणसांचं रक्त त्यांना अभ्यासायला हवं होतं, आणि ते काढायला मला त्यांच्यासोबत दिलं गेलं. पहिल्याच दिवशी चहा पिताना मी विचारलं, "मॅडम, शोधायचं काय आहे?"

"माणसाच्या रक्तात माणसाचं नसलेलं काही सापडतं का, ते."

"म्हणजे जंतू?"

"जंतू नाही. जंतूंचे, झाडांचे, आपण खातो त्या धान्याचे बारीक आरएनए."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. प्रत्येक जिवंत पेशीत डीएनए असतो, म्हणजे त्या जिवाचं मूळ पुस्तक. पुस्तक जागचं हलत नाही. त्यातली हवी ती ओळ उतरवून घेतात, तो आरएनए. त्यांत काही तुकडे अगदी लहान, वीस-बावीस अक्षरांचे. ते स्वतः काही घडवत नाहीत. दुसऱ्या ओळींना 'तू आता गप्प बस' एवढंच सांगतात. असे तुकडे माणसात असतात, धानात असतात, लाखोळीच्या डाळीत असतात. जंतूंचेही त्यांच्या तऱ्हेचे असतात. आपण भात खातो तेव्हा धानाचे तुकडे पोटात जातात. तिथे ते नष्ट व्हायला हवेत, कारण पोटातले रस त्यांना कापून टाकतात आणि तिथून वाचलेच तर रक्तातही कापणारी द्रव्यं असतातच. तरीसुद्धा काही जणांना ते रक्तात सापडले आहेत.

"सापडले आहेत ना? मग आता काय शोधायचं?"

"ते खरेच तिथे होते की आपल्याला भास झाला, यावरून भांडण आहे."

"कोणाकोणाचं?"

"आमचंच, आपसात," मॅडम हसल्या.

मी रिकामा कप हातात धरून बसले. सकाळी मी वरणभात खाऊन आले होते.

लाखांदूरच्या पुढच्या एका गावात आम्हाला हिरामणभाऊ भेटले. धानाचे शेतकरी, पन्नाशी ओलांडलेले, सडसडीत. गावाची मंडळी शाळेच्या व्हरांड्यात रांगेने बसली होती, पण प्रश्न विचारायचं काम एकटे हिरामणभाऊ करत होते. त्यांची बायको रेवताबाई मागे खांबाला टेकून उभी होती. स्वतःचं रक्त द्यायला तिने साफ नकार दिला होता. "माया अंगात हाय तेवढं मलेच पुरत नाई," असं तिचं म्हणणं.

हिरामणभाऊंच्या शेजारी मी एक नळी उघडी ठेवली. तिच्यात नुसतं शुद्ध पाणी होतं.

"हे कोणाच्या हातातून काढलं?" त्यांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही. पाणी आहे."

"पाणी नागपूरले कायले नेता? तिकडं पाणी नाई का?"

अनघा मॅडमनी त्यांना नीट सांगितलं. हवेत धानाची धूळ असते. गावात भातगिरणी आहे, आमच्या कपड्यांवर कोंडा आहे. रक्ताच्या नळीला जे जे सोसावं लागतं ते सगळं या पाण्याच्या नळीलाही सोसायला लावायचं. तीच हवा, तीच पेटी, तीच रसायनं. शेवटी पाण्यातही धान निघालं तर रक्तातल्या धानावर विश्वास ठेवायचा नाही.

हिरामणभाऊंना हे फार पटलं. त्यांनी मान वळवून बायकोला सांगितलं, "पाह्यलं का व? लबाडी पकडाचं पाणी हाय हे."

रक्त काढलं की ते यंत्रात गरागरा फिरवायचं. लाल भाग खाली बसतो आणि वर तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाच्या रंगाचं पाणी उरतं. तेवढंच वेगळं काढून बर्फाच्या पेटीतून नागपूरला पाठवायचं. त्या फिक्या पिवळ्या पाण्याकडे मी हजारदा पाहिलं होतं आणि हजारदा बेसिनमध्ये ओतलं होतं.

मधल्या काळात एक गंमत झाली. मॅडमचा फोन आला, आवाज आनंदाने चढलेला. नाकाडोंगरीच्या माणसांच्या रक्तात समुद्रात राहणाऱ्या एका जंतूच्या खुणा दिसत होत्या. ज्यांनी बावनथडी नदीपलीकडे मोठं पाणी पाहिलं नाही, त्यांच्या अंगात समुद्र! मी घरी सांगितलं, शेजारी सांगितलं. पुढच्या आठवड्यात मॅडम आल्या त्या खाली मान घालूनच. तोच समुद्र पाण्याच्या नळीतही निघाला होता. एका रसायनाच्या बाटलीतून तो आला होता. आधी आम्ही दोघी हसलो. मग मॅडमनी ती नोंद खोडली. असं करत करत जमवलेलं बरंचसं टाकून द्यावं लागलं. काही जणांच्या रक्तात धानाची खूण पाण्याच्या नळीतल्यापेक्षा किंचित वर राहत होती, काहींच्या नाही. हिरामणभाऊंची राहत होती. पण तेवढ्यावर कोणी छातीठोक बोलू शकत नव्हतं.

पावसाळ्याच्या शेवटी मी आमच्याच दवाखान्यातल्या सर्जरीच्या वॉर्डात तपासणीचं रक्त काढायला गेले, तर खाटेवर हिरामणभाऊ. ओळखू येत नव्हते. टायफॉइड अंगावर काढला होता आणि आतड्याला भोक पडलं होतं. विष पोटभर पसरलेलं. ऑपरेशन झालं होतं. नाकात नळी, पोटात नळी, आणि तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. जे काही पोषण जायचं ते शिरेतून. रेवताबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मला पाहून ती उठली नाही.

मी पट्टा बांधला. हिरामणभाऊंनी डोळे उघडले.

"थे नागपूरच्या मॅडम येनार होत्या ना? मायं रगत अजून एकदा न्यायले?"

"त्याचं आता काही नाही भाऊ. तुम्ही आधी बरे व्हा."

मी अनघा मॅडमना फोनवर सहज सांगितलं, की आपले हिरामणभाऊ असे पडले आहेत, काही खाणंपिणं नाही. "तोंडाने काहीच नाही?" त्यांनी विचारलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण तेच माझ्या मनात आलं होतं. ज्याच्या रक्तात आपण धान मोजलं होतं, तोच माणूस आज धानाला शिवलेला नाही. मग ते आता रक्तातून गेलं असेल का?

"मी विचारणार नाही," मी म्हटलं.

"मीही विचारायला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तपासणीसाठी तुम्ही रोज रक्त काढता, त्यातलं थोडं उरत असेल. संस्थेच्या नैतिकता समितीने परवानगी दिली आणि त्यांनी हो म्हटलं, तरच. त्यांच्यावर दबाव आला असं वाटलं तर विषय तिथेच संपवा."

परवानगी आली. तरी मी दोन दिवस विषय काढला नाही. शेवटी वॉर्डाबाहेरच्या बाकावर रेवताबाईजवळ बसून मी जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं. जास्तीची सुई नाही, जास्तीचं रक्त नाही, नुसतं उरलेलं. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"उरलेलं बी आमचंच हाय बाई," ती म्हणाली.

"हो. म्हणूनच विचारते."

"मानूस मरून राह्यला, न तुमाले थ्याच्या अंगातलं धान मोजाचं हाय?" तिचा आवाज चढला. पलीकडे डबे घेऊन बसलेले लोक वळून पाहू लागले. "काहून? मोजून थो उठून बसनार हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "त्याने त्यांना काहीच फायदा नाही. नको असेल तर नको. मी परत विचारणार नाही."

मी खरंच परत विचारलं नाही. रोज जायची, रक्त काढायची, यायची. हिरामणभाऊंचा ताप चढायचा, उतरायचा. एका दिवशी रिपोर्ट इतका वाईट आला की तो वॉर्डात द्यायला मी स्वतः गेले आणि परत येताना जिन्यावर थोडी थांबले. या धंद्यात आमच्या हाती आकडा आधी येतो. माणसाच्या घरच्यांना कळायच्या आत आम्हाला कळतं, आणि आम्ही काही बोलायचं नसतं. दरवाजाशी बसलेल्या बाईच्या अंगावरून, नजर न चुकवता, नेहमीसारखं चालत जायचं. हे कोणी शिकवत नाही.

पण भाऊ तगले. ताप उतरला, पोट मऊ पडलं. उद्यापासून थोडी पेज द्यायची असं सर्जन साहेबांनी सांगितलं, त्याच दुपारी रेवताबाई माझ्या लॅबच्या दारात येऊन उभी राहिली.

"हे म्हनून राह्यले, देऊन टाक म्हनून."

"तुम्ही काय म्हणता?"

"थ्यायचं म्हननं हाय, मी इथं नुसता पडून हाय, सारे लोक मायासाठी धावून राह्यले, माया कोनाले काई उपेग नाई. एवढं तरी होऊ दे." मग पदराने कपाळ पुसून ती म्हणाली, "पन तुमीच घेजा. दुसऱ्याच्या हातानं नाई. अन् का निंगते थे आमाले येऊन सांगाचं. तुमी लोक नेता, मंग कोनी सांगाले येत नाई."

तिचं खरं होतं. इतकी वर्षं मी गावोगाव रक्त नेलं होतं आणि बहुतेकांना ते कुठे गेलं हे कधी कळलंच नव्हतं. मी येईन म्हणून सांगितलं.

संध्याकाळच्या तपासणीच्या रक्तातलं उरलेलं मी वेगळं काढलं. खाटेशेजारी पाण्याची नळी उघडी ठेवली, तशीच बंद केली. दुसऱ्या दिवशी रेवताबाईने शहरातल्या बहिणीच्या घरून पेज करून आणली. तांदूळ तिने गावाहून मागवला होता, त्यांच्याच बांदीतला, म्हणजे धानाच्या बांधीव शेतातला, कारण "दुसऱ्या तांदळाची पेज यायले गोड लागत नाई." मी तिथेच होते. पेज पातळ, जवळजवळ पाणीच. तिने चमचा भरला, फुंकर घातली, ओठांना लावला. हिरामणभाऊंनी ती तोंडात तशीच धरून ठेवली, गिळलीच नाही थोडा वेळ. त्यांचे डोळे भरून आले. वॉर्डात इतर लोक होते, ट्रॉलीचा खडखडाट होता, आणि मी एक माणूस आपल्या शेताचं पहिलं पाणी परत अंगात घेताना बघत होते.

मग मऊ भात सुरू झाला. घरी सोडायच्या आधी मी पुन्हा उरलेलं रक्त घेतलं, पुन्हा पाणी ठेवलं. नळ्यांवर नाव लिहिलं नाही, नुसती खूण केली, म्हणजे नागपूरला तपासणाऱ्याला कोणती उपासाची आणि कोणती जेवणाची हे कळू नये. मॅडमनी तसंच सांगितलं होतं. समुद्राने आम्हाला शहाणं केलं होतं.

निकाल यायला फार दिवस लागले. तोवर मी निवृत्त झाले होते. एका सकाळी मॅडमचा फोन आला. या वेळी आवाज चढलेला नव्हता, उलट हळू होता.

"ताई, दुसऱ्यांदा तपासून घेतलं. मग सांगते आहे. हिरामणभाऊ निरोगी होते तेव्हा धानाच्या खुणा होत्या. उपासाच्या नळीत त्या पाण्याइतक्याच उरल्या, म्हणजे नसल्यासारख्याच. पेजेनंतर परत वर आल्या. थोड्याच, पण आल्या."

मी भाजी निवडत होते.

"आणि जंतूंच्या?"

"त्या गेल्याच नाहीत. पोट रिकामं असतानाही त्या होत्या."

"म्हणजे खरं आहे?"

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. मी कुठे असं म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. ते तुकडे तिथे जाऊन काही काम करतात का, हेही माहीत नाही." मग त्या म्हणाल्या, "पण मी ते पाहिलं, ताई. रात्री झोप लागली नाही."

मी फोन ठेवला. जन्मभर मी रक्ताला त्या माणसाचं समजत आले. नाव माणसाचं, नंबर माणसाचा, गट माणसाचा. आणि त्याच्या त्या तणशी रंगाच्या पाण्यात कदाचित बांदीतलं धान आपली वीस-बावीस अक्षरं घेऊन फिरत होतं, पोटातल्या असंख्य जिवांची अक्षरं फिरत होती, आणि मी ते बेसिनमध्ये ओतून हात धुवून जेवायला जात होते. काय जेवत होते? भातच.

शब्द दिला होता, म्हणून मी लाखांदूरची एसटी धरली आणि तिथून पुढे त्यांच्या गावाला गेले. हिरामणभाऊ अंगणात बाजेवर बसले होते. अंग भरलं होतं, आवाजही परत आला होता. रेवताबाईने पाणी दिलं, चहा ठेवला आणि उंबऱ्यात येऊन बसली. मी जे झालं ते सगळं सांगितलं. मॅडमनी बजावलेलंही सांगितलं, की एकावरून काही ठरत नाही.

हिरामणभाऊ लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "थे धान मायाच वावरातलं होतं का?"

"तेवढं नाही सांगता येत भाऊ. धान आहे एवढंच कळतं. कोणाच्या वावरातलं ते नाही."

"माया हाताचंच होतं थे," ते शांतपणे म्हणाले. मी वाद घातला नाही. "अन् थे बारके जीव? मी उपाशी होतो तवा थे बी नाई गेले?"

"नाही गेले. ते होतेच तुमच्यासोबत."

ते हसले. "मले त वाटे, मी तिथं एकलाच पडून हाव."

"एकलेच कसे?" उंबऱ्यातून रेवताबाई म्हणाली. "मी कुठं गेली होती?"

"तू होती व. पन तू जेवून येत होती बहिनीकडून."

तिने चुलीकडे पाहिलं, चहा अजून उकळायचा होता. मग उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि बांगड्या कोपराकडे सारून तिने हात पुढे केला. शाळेच्या व्हरांड्यात जो हात तिने पदराखालून बाहेर काढला नव्हता, तो.

"बाई, मायं बी पाहा ना."

"आता काय पाहायचं रेवताबाई? काम संपलं ते. आणि मी आता नोकरीत नाही."

"नाई, मले एवढंच समजून घ्याचं हाय." तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "यायले जेवन बंद होतं, तवा मी बी भात नाई खाल्ला. बहीन वाढे, मी ताट सरकवून देत होती. नरड्याखाली उतरेच नाई. पोळीचा तुकडा न चहा, एवढ्यावर राह्यली. पेज यायनं पेली, थ्या दिवशी मी मंग भात खाल्ला." तिने हात तसाच पुढे धरला होता. "त मायातलं बी धान गेलं असन का तवा? अन् वापस आलं असन?"

हिरामणभाऊ बाजेवरून तिच्याकडे बघत राहिले. त्यांना हे माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. त्या खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या बाईची नळी आम्ही भरलीच नव्हती.

माझ्याजवळ सुई नव्हती, पट्टा नव्हता, काही नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला आणि सवयीने कोपराच्या खोबणीत बोट ठेवलं. शीर लगेच सापडली, दबली आणि उसळली.

"गेलं असेल," मी म्हटलं. "आणि आलंही असेल."